देवघरात घेतलेलं शून्य

॥ श्रीराम ॥

पंचवटी, नाशिक
१२ ऑक्टोबर २००८

चि. दिनेश,

आशीर्वाद आहेतच. ते काही तुझ्या वागण्यावर ठेवलेले नाहीत.

परवा फोनवर तू विचारलंस, "कागदांचं काय झालं?" आणि मी तोंड उघडायच्या आत तुझी कसली तरी मीटिंग लागली. म्हणून लिहिते. पत्राला मीटिंग नसते.

वकिलांचा लिफाफा गणपती गेल्यावर आला. मीनाने ओट्याशी उभं राहून सगळा वाचला, घडी घालून परत आत ठेवला आणि कणीक मळायला घेतली. तुझी बायको रडेल, आदळआपट करेल, असं तुला वाटलं असेल तर तसं काही झालं नाही. जेवताना म्हणाली, "आई, त्यांना कळवा, मी अडवून धरणार नाही. पण माझं यंत्र एकदा हवेत स्थिर उभं राहू दे, मग सही करते. माझ्या डोक्यात एका वेळी एकच मावतं."

मी म्हटलं, "घाई कुणाला आहे?"

तिने फक्त वर पाहिलं. घाई कुणाला आहे ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.

आता यंत्र म्हणजे काय ते तुला सांगायला हवं. चार वर्षांत तू तिला "तू काय करतेस?" असं विचारल्याचं माझ्या कानावर नाही. ती शिकवते त्या पॉलिटेक्निकमध्ये बंगळूरच्या एका कंपनीचे साहेब व्याख्यानाला आले होते. ही मंडळी माणसाशिवाय उडणारी लहान यंत्रं बनवतात, वरून शेतांचे फोटो काढायला. मीनाने त्यांना असे काही प्रश्न विचारले की ते निघताना हिला म्हणाले, "चार पंख्यांचं यंत्र हवेत सरळ धरून ठेवील असा बोर्ड करून दाखवा मॅडम, आमच्याकडे जागा आहे." तेव्हापासून वरची तुझी खोली कारखाना झाली आहे. तुझे क्रिकेटचे कप मी माळ्यावर ठेवले. टाकले नाहीत.

म्हणजे यंत्र उभं राहिलं की ती सही करणार आणि बंगळूरला जाणार. मी इथे एकटी राहणार. हे मी मुद्दाम लिहिते, नाहीतर तुला वाटेल आईला यातलं काही कळत नाही.

हे चार पंखे चारी बाजूंना ओढतात. त्यांना सांभाळणारा एक तुकडा बोर्डाच्या मधोमध बसतो, तुरीच्या डाळीएवढा. आपण डोळे मिटून उभे राहिलो तरी कललो की आपल्याला कळतं ना, तसं तो यंत्राला कळवतो. त्याला ती सेन्सर म्हणते. दोन महिने सगळं घोडं त्या डाळीपाशी अडलं होतं. एक स्वस्त होता, खेळण्यातल्या हेलिकॉप्टरचा. एक परदेशी, त्याची किंमत ऐकून मी पानावरून उठणार होते. आणि एक मधला. मी मेथी निवडत होते, तेव्हा शेजारी बसून विचारते कशी,

"आई, एका भाजीवालीचा काटा किलोमागे पन्नास ग्रॅम कमी देतो. तिच्याकडून घ्याल?"

"रोज पन्नासच?"

"रोज."

"मग घेईन. पन्नास ग्रॅम धरून चालेन."

"आणि दुसरीचा लहरी. आज कमी, उद्या जास्त."

"तिच्या पाटीपाशी थांबणार नाही."

"झालं तर! हा मधला रोज सारखाच चुकतो. तेवढी चूक मी वजा करेन. खेळण्यातला लहरी आहे."

आणि मधला मागवला. मला उगाच बरं वाटलं. इतकी वर्षं घरखर्च लिहिते, पण मला विचारून कुणी काही घेतलं नव्हतं.

त्या डाळीला पाय नसतात. टाके सगळे पोटाखाली, तिथे सोल्डरची सळई पोचत नाही. एक तुकडा जळाला तेव्हा मी खारे दाणे भाजायची कढई दिली, वाळूसकट. वाळूवर पत्रा, पत्र्यावर बोर्ड, खाली मंद आच. वाळूने ऊब सगळीकडून सारखी लागते. टाका चांदीसारखा चमकला आणि डाळ आपोआप सरळ बसली. ती कढई आता स्वयंपाकात चालणार नाही, त्यात शिसं गेलं. जाऊ दे. खारे दाणे तुला लागायचे.

दसऱ्याला तुझ्या मामाने मळ्यातला झेंडू पाठवला. मी आपल्या नेहमीच्या पूजेत मीनाचं यंत्रही मांडलं. यंत्राला आधी शिकवावं लागतं, की बाबा, स्थिर म्हणजे हे. सपाट जागी गप्प ठेवायचं, बटण दाबायचं, त्या घटकेला सेन्सर जे सांगेल ते त्याचं शून्य. पुढचं सगळं तिथून मोजायचं. घरात खरी सपाट फरशी देवघरातलीच, बाकीच्या फरश्या घुशींनी पोकळ केल्यात. मी समई लावली, यंत्राला कुंकू लावलं, वारा नको म्हणून दार ओढून घेतलं. मीनाने बटण दाबलं. मग गच्चीवर नेलं, तर कमरेइतकं उठलं आणि घटकाभर उभं राहिलं!

मीना कधी नव्हे ती देवाला हात जोडून आली. म्हणाली, "आई, आता दर वेळी शून्य इथंच घ्यायचं."

पण गच्चीवर कमरेइतकं उठून भागत नाही. कंपनीला मोकळ्या शेतात, झाडाएवढ्या उंचीवर बघायचं आहे. मार्चमध्ये येणार आहेत. त्याच्या आधी तू एकदा ये. कागद पोस्टाने पाठवतात रे. नवऱ्याने स्वतः यावं.

आई

॥ श्रीराम ॥

पंचवटी, नाशिक
२१ डिसेंबर २००८

चि. दिनेश,

तू बरा असशील असं धरून चालते.

गेल्या गुरुवारी मी फोन केला होता. एका बाईने उचलला. "हॅलो" अशी म्हणाली, जशी त्या घरात बसून भाजी चिरत असावी. मीच राँग नंबर म्हणून ठेवून दिला. मीना शेजारी वायर सोलत होती. "लागला नाही का?" म्हणाली. मी म्हटलं, "नाही लागला." तिने पुढे विचारलं नाही. तूही या पत्राचं उत्तर देताना त्याबद्दल काही लिहू नकोस. म्हणजे, उत्तर दिलंस तर.

इकडे थंडी फार आहे. मुंबईत गेल्या महिन्यात जे झालं त्यानंतर पार्सलं उघडून बघतात, त्यामुळे मीनाचे नवे पंखे उशिरा आले. आता दर रविवारी उजाडता आम्ही मखमलाबादला मामाच्या मळ्यात जातो, कारण सकाळी वारा नसतो. निघण्याआधी देवघरात समई, कुंकू, दार बंद, शून्य. यात कधी खंड नाही. मग यंत्र माझ्या जुन्या पातळात गुंडाळायचं आणि रिक्षा.

आणि दर रविवारी ते पडतं.

सरळ वर जातं, आणि माणसाच्या डोक्यावर गेलं की एका अंगाला झुकायला लागतं. झुकतं, झुकतं आणि झेंडूत जाऊन आपटतं. तुझा सावळीराममामा कानटोपी घालून बांधावर उभा असतो. पहिल्या दिवशी म्हणाला,

"ताई, ह्ये काय पिऊन आलंय का?"

मीना म्हणाली, "मामा, वरती वारा असेल."

"वारा? माझ्या बिडीचा धूर बघ, पोरी. सुतासारखा वर चाललाय. वारा नाय. नजर हाय."

पुढच्या रविवारी त्याने येताना लिंबू-मिरची आणली आणि मीना नको नको म्हणत असताना यंत्राच्या एका दांडीला बांधली. "मामा, वजन होईल!" "एका लिंबाचं कसलं वजन?" यंत्र उठलं आणि लिंबाच्या बाजूला कललं. तर ह्याने दुसरं लिंबू काढून समोरच्या दांडीला बांधलं. "आता बराबर तोललं." मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मीनाही हसली. मग ते नेहमीच्या बाजूला झुकलं आणि लिंबांसकट पडलं, आणि कुणी हसलं नाही.

आठवडाभर ती कॉलेजातून येते आणि वर जाते. पंखे बदलले. मोटरी बदलल्या. मोटरची थरथर डाळीपर्यंत पोचू नये म्हणून माझ्या जुन्या स्लिपरचं रबर कापून बोर्डाखाली लावलं. मला समजावून सांगते. मी निम्मं समजते. डाळीत दोन अंगं असतात म्हणे. एक सांगतं, मी किती कललो. दुसरं सांगतं, मी किती वेगाने कलतोय. पहिलं थरथरीने भांबावतं, म्हणून तिने दुसऱ्यावर जास्त भरवसा ठेवलाय. "तेच मला फसवतंय, आई. उभं असताना म्हणतं, मी कलतोय. मग बिचारे पंखे त्याला सावरायला जातात आणि खरंच कलतात."

मी म्हटलं, "होतं असं."

देवळात बायका विचारतात, "दिनेश कधी येणार?" मी सांगते, "उन्हाळ्यात." ते कोणत्या उन्हाळ्यात, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

आई

॥ श्रीराम ॥

पंचवटी, नाशिक
१८ जानेवारी २००९

चि. दिनेश,

तीळगूळ पाठवणार होते, पण तिकडे सातासमुद्रापार पोचेपर्यंत त्याचा भुगा होतो. तेव्हा लिहूनच देते.

तुझा फोन संक्रांतीला आला, बरं वाटलं. तू "मीनाला सांग जरा लवकर" असं म्हणालास, ते मी तिला सांगितलं नाही.

काल ती वरून खाली आली ती हात धुऊनच. म्हणाली, "आई, उद्या शेवटचं. नाही जमलं तर मी त्यांना कळवून टाकते. उगाच त्यांना मार्चमध्ये कशाला बोलवायचं?"

"आणि मग?"

"मग काय! पॉलिटेक्निक आहेच." मग थोड्या वेळाने, "मी इथे राहिले तर तुम्हाला चालेल ना? सही केल्यावरही?"

दिनेश, मला आधी जे वाटलं ते सांगते. मला सुटल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "वेडी आहेस का? हे विचारायचं असतं?" आणि तिला गरम भाकरी वाढली. मग संध्याकाळी काळारामाला गेले, तर हात जोडल्यावर मागायला शब्द येईनात. यंत्र उडू दे म्हणावं, तर घरात मी आणि घड्याळ. नको उडू दे म्हणावं, तर चार वर्षं ज्या पोरीने माझं दुखणंखुपणं काढलं, तिचंच वाईट देवापुढे मागायचं. हात तसेच जोडून उभी राहिले. मागची बाई म्हणाली, "आजी, सरका की पुढं, रांग हाय." तेव्हा सरकले.

आज सकाळी मळ्यात कडाक्याची थंडी होती. बोलताना तोंडातून वाफ निघत होती. यंत्र पडलं. मीनाने उचललं, माती झटकली. मामाने शेकोटी केली होती, म्हणाला, "बस इथं, चहा घे, मग जा रडत." ती यंत्र मांडीवर घेऊन शेकोटीपाशी बसली, बराच वेळ. चहा झाला, दुसरा झाला. निघताना मामा म्हणाला,

"एकडाव उडव अजून. मोडायचं ते हितंच मोडू दे, रिक्षाचं भाडं तरी फिटंल."

तिने उगाच, मामाचं मन राखायला, खाली ठेवून उडवलं. बटण दाबून शून्यही नवं घेतलं नाही. ते वर गेलं. डोक्यावर गेलं, शेवग्याच्या शेंड्याएवढं गेलं, आणि खुंटीला टांगल्यासारखं उभं राहिलं. मामाने कानटोपी काढली. मी रामाचं नाव घेत होते की थांबले होते, आठवत नाही. तेवढ्यात ते परत झुकायला लागलं, हळूहळू, आणि मीनाने घाईने खाली घेतलं. धावत जाऊन बोर्डावर बोट ठेवलं. मग माझ्याकडे वळून ओरडली,

"आई, ह्याला थंडी वाजते!"

"मग स्वेटर विण," मामा म्हणाला.

रिक्षात तिने मला सांगितलं. डाळ रोज सारखीच चुकते हे खरं, पण ज्या उबेत असेल त्या उबेपुरतं. गारठली की तिची चूक बदलते. डाळीबरोबर आलेल्या कागदावर ते खाली बारीक अक्षरात आहे. आम्ही शून्य घेणार देवघरात, दार बंद, शेजारी समई, आणि उडवणार मळ्यात, जिथे दव गोठायचं बाकी. ऑक्टोबरात आत-बाहेर सारखंच होतं, म्हणून गच्चीवर उभं राहिलं. आज शेकोटीपाशी ऊब मिळाली म्हणून उभं राहिलं.

"इतके महिने मी मोटरी बदलतेय," ती म्हणाली. "आणि ते शून्य तपासायचं मला सुचलंच नाही. देवासमोर घेतलेलं म्हणून."

मला लागलं. मी रिक्षाबाहेर बघत राहिले. गोदावरीचा पूल गेल्यावर तिने माझ्या पातळाचा पदर ओढून नीट केला आणि म्हणाली, "आई, चूक देवाची नाही हो. उबेची आहे."

आई

॥ श्रीराम ॥

पंचवटी, नाशिक
१५ फेब्रुवारी २००९

दिनेश,

या पत्रात तुला कळवण्यासारखं काही नाही, तरी लिहिते. दुपार फार मोठी असते.

यंत्राला आता एक तक्ता लागतो. किती ऊब असताना डाळ किती चुकते, याचा. ऊब किती आहे ते डाळीच्या पोटातला एक भाग स्वतःच सांगतो. आपण फक्त तिला गारठ्यापासून उन्हापर्यंत न्यायचं, मध्ये मध्ये गप्प ठेवायचं, आणि पडद्यावर येईल ते लिहून घ्यायचं. मीना दिवसभर कॉलेजात. म्हणून हे काम माझ्याकडे आलं. बोर्ड डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचा, मग बाहेर काढून देवघराच्या फरशीवर, मग माजघरात, मग गच्चीवर उन्हात. दोन आकडे, शेजारी शेजारी. जमाखर्चाच्या दोन बाजू असतात तसे. तिच्या कॉम्प्युटरला हात लावायची मला भीती वाटायची, आता वाटत नाही.

एक गोष्ट तुला सांगते, मीनाला सांगू नकोस. आता तुमचं बोलणं नाहीच म्हणा.

गेल्या सोमवारी तक्ता निम्मा झाला होता. मी बोर्ड फ्रिजमधून काढला आणि मनात आलं, एक एक आकडा लिहिते आहे आणि एक एक दिवस कमी करते आहे. मी तो परत आत ठेवला. संध्याकाळी मीना आल्यावर म्हटलं, "आज माझा उपास होता गं, शक्ती नव्हती. आकडे राहिले." उपास वगैरे काही नव्हता. दुपारी मी वरणभात खाल्ला होता.

ती म्हणाली, "असू दे हो, आई."

मंगळवारीही मी तेच केलं. आज पण उपास, म्हटलं. दोन दिवस सलग कसले उपास, हे तिने विचारलं नाही. बुधवारी सकाळी ओट्यावर पाहिलं, तर भांड्यात साबुदाणा भिजलेला. शेजारी दाण्याचं कूट करून ठेवलेलं, मिरची बारीक चिरलेली. ती साडेसातच्या बसला पळते, दिनेश. हे कधी केलं असेल?

मी ती खिचडी केली आणि खाल्ली. मग तिन्ही दिवसांचे आकडे संध्याकाळपर्यंत लिहून काढले. एकही चुकवला नाही. एक-दोन शंका आल्या तिथे परत घेतले. ती आल्यावर कागद तिच्या हातात ठेवला आणि म्हटलं, "बघ, जमलंय का." तिने वाचला. "आई," म्हणाली, "माझे विद्यार्थी इतकं नीट लिहीत नाहीत." मी म्हटलं, "पुरे. चहा घे."

आई

॥ श्रीराम ॥

पंचवटी, नाशिक
२९ मार्च २००९

दिनेश,

नव्या वर्षाच्या शुभेच्छा देते.

बंगळूरची माणसं गेल्या रविवारी येऊन गेली. दोघं होते. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि त्यांना झेंडूचा हार घालायला निघाला होता, मीनाने थांबवलं. सकाळी पुष्कळ गार होतं, आणि साहेबांनी मुद्दाम ऊन चढेपर्यंत थांबून परत उडवायला लावलं. दोन्ही वेळा ते झाडाएवढं वर गेलं आणि उभं राहिलं. गारव्यात उभं राहिलं, उन्हात उभं राहिलं. साहेबांनी खाली, हाताशी आणायला सांगितलं आणि वेताच्या छडीने त्याला बाजूला ढकललं. ते डुललं आणि परत सरळ झालं. परत ढकललं, परत सरळ. मामाला राहवेना.

"ढकला साहेब अजून, लाजू नका. आमच्या सुनेचं हाय."

साहेबांनी मीनाला विचारलं, "इतका तपशीलवार तापमानाचा डेटा कुणी घेतला?" मीनाने माझ्याकडे बोट केलं. ते मला नमस्कार करून इंग्रजीत काहीतरी म्हणाले. मी पदर सारखा केला. तू असतास तर विचारलं असतं, काय म्हणाले. मीनाला विचारायला लाज वाटली.

परत येताना रिक्षात मीना म्हणाली, "आई, चला ना तुम्ही पण."

मी म्हटलं, "आणि देवघर कोण बघेल?"

हे इतक्या चटकन तोंडून निघालं की मीच चकित झाले. खरं कारण दुसरं आहे. तिचं वय बत्तीस आहे. तिथे तिला कुणी भेटेल, भेटावं. दारात पहिल्या नवऱ्याची आई बसलेली असली तर कोण भेटणार?

सहीचं सांगते. पाडव्याला नको, असं मी म्हटलं. आदल्या दिवशी अमावास्या. मीना म्हणाली, "आई, अशा सहीला कुणी मुहूर्त बघतं का?" तरी थांबली. काल सकाळी देवघराच्या बाहेरच्या पाटावर बसून तिने सगळ्या पानांवर सही केली. जिथे जिथे पेन्सिलीची खूण होती तिथे तिथे. मी शेजारी बसून पानं उलटून देत होते. पुढे कोर्टाच्या तारखा काय त्या वकील तुला कळवतील.

मी तुला ये म्हटलं होतं. आता ये म्हणत नाही.

आई

॥ श्रीराम ॥

पंचवटी, नाशिक
१४ जून २००९

दिनेश,

आशीर्वाद.

मीनाला जाऊन दीड महिना झाला. तू फोनवर म्हणालास, "आई, एकटी कशाला राहतेस, वरची खोली भाड्याने दे, सोबत होईल, नाहीतर सहा महिने इकडे ये." तुझा सूर चांगला होता. त्यात खोट नाही. पण मी इकडेच ठीक आहे. तुझ्याकडे फोन उचलायला माणूस आहे, तेव्हा तुझीही काळजी नाही. त्या मुलीला माझा आशीर्वाद सांग. तिचं नाव तू अजून सांगितलेलं नाहीस.

ठीक आहे म्हणजे कशी, ते लिहायला बसले तर लिहिण्यासारखं काही होत नाही. सकाळी काकडआरती. मग भाजी, अर्धा पाव पुरते. दुपारी पडते. संध्याकाळी साडेपाचला अजून कान जिन्याकडे जातात. कधी कधी वर जाऊन खोली झाडून येते. तिथे आता काही नाही, तरी केर निघतो. देवळातल्या बायकांना परवा मी सांगून टाकलं, "दिनेश येणार नाही, आणि मीना बंगळूरला नोकरीला गेली." मग एकीने मला प्रसादाचा दुप्पट शिरा दिला. एवढंच झालं. इतकी वर्षं मी कशाला घाबरत होते कोण जाणे.

मीनाचं बरं चाललंय. तिथे म्हणे एक कपाट आहे, त्यात बोर्ड ठेवला की ते स्वतःच गार करतं, स्वतःच तापवतं आणि आकडे लिहितं. माझं आठवड्याचं काम एका दुपारी. मी म्हटलं, "चांगलं आहे की." नवीन सेन्सर निवडायचा आहे, कोणता घ्यावा यावर तिथे चौघा जणांचे रोज वाद होतात. ती म्हणते, मी अजून भाजीवालीच्याच काट्याने मोजते.

ती निघाली त्या दिवशीचं तुला सांगितलं नव्हतं. बस लागली होती, सामान वर चढलं होतं. ती पायरीशी थांबली आणि म्हणाली, "आता मी तुम्हाला काय हाक मारू?"

मला तिने पहिल्या दिवसापासून आई म्हटलं, ते तुझ्यामुळे. कागदावर सही झाली, म्हणजे ते म्हणायचा हक्क गेला, असा तिचा हिशेब. तो चूक नव्हता. तिला स्वतःची आई आहे, कळवणला. मी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली. मामा मागून म्हणाला, "चढ पोरी, कंडक्टर घंटी मारतोय," आणि ती चढली.

तेव्हापासून तिचे फोन येतात, दर बुधवारी आणि रविवारी. पण हाक मारल्याशिवाय. "हॅलो, जेवलात का?" "हॅलो, गुडघा कसा आहे?" बोलणं सगळं पूर्वीचंच, मायेचं, काही कमी नाही. फक्त सुरुवातीला एक जागा मोकळी असते, आणि ती आम्ही दोघी न बघता ओलांडतो. जेवणात मीठ नसलं तर जेवण होतं ना, तसं होत होतं.

आज सकाळी फोन वाजला. "हॅलो," ती म्हणाली, "पाऊस सुरू झाला का तिकडे?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो? ऐकू येतंय ना?"

मी म्हटलं, "मीना, आधी हाक मार. मग बोल."

तिकडे मागे कुणीतरी इंग्रजीत बोलत होतं, एक दार लागलं, मग ते बोलणं थांबलं. ती कुठेतरी बाजूला जाऊन उभी राहिली असावी.

मग तिने हाक मारली. कोणती, ते तुला कळवण्याचं कारण नाही.

आई